हार्वर्डची कुंडली मांडणारे ज्योतिषी!

मार्च महिना सरत आला की मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून हल्ली एका नव्याच परीक्षेच्या निकालाची वाट पाहिली जाते. ह्या परीक्षेला ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षक कोण ते ठाऊक नाही, गुण किती मिळाले ते कधी कळत नाही आणि उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागण्याची सोय नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी अमेरिकन विद्यापीठे आपले प्रवेशनिर्णय ह्याच सुमारास एका ठरलेल्या संध्याकाळी जाहीर करतात. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. एमआयटी तर १४ मार्च ह्या तारखेला, संध्याकाळी बरोबर ६ वाजून २८ मिनिटांनी निकाल लावते. ३.१४ हा गणितातला ‘पाय’ आणि ६.२८ ही त्याची दुप्पट, असा हा विद्वानांचा विनोद आहे. त्या वेळी आपल्याकडे पहाटेचे चार वाजायला दोन मिनिटे कमी असतात, आणि दादर-कोथरूडच्या एखाद्या घरात सतरा वर्षांचे पोर, त्याची आई, त्याचे बाबा आणि क्वचित आजीही, संगणकाच्या पडद्याकडे डोळे लावून बसलेली असते.

ह्या पहाटेपर्यंत पोहोचायला त्या घराने चार-पाच वर्षे आणि काही लाख रुपये खर्ची घातलेले असतात. मूल आठवीत गेले की आईबाप कोणा ‘ॲडमिशन कौन्सेलर’च्या वातानुकूलित कचेरीत जाऊन बसतात आणि एकच प्रश्न विचारतात : ‘आमच्या मुलाचा चान्स किती?’ समोरचा गृहस्थ मुलाचे गुण पाहतो, त्याची बुद्धिबळातली पदके मोजतो, तो तबला वाजवतो का हे विचारतो, आणि मग गंभीर मुद्रेने एक तक्ता पुढे सरकवतो. हार्वर्ड शेकडा आठ, कॉर्नेल शेकडा बावीस, मिशिगन शेकडा पंचेचाळीस! आमच्याकडून तीन वर्षे मार्गदर्शन घेतलेत तर आठाचे पंधरा होतील, असेही तो जाता जाता सुचवतो. पत्रिका पाहून शनी वक्री आहे म्हणणाऱ्या आणि शांतीचा खर्च सांगणाऱ्या ज्योतिष्याला ज्या घरांनी दोन पिढ्यांपूर्वी उंबऱ्याबाहेर काढले, त्याच घरांतून आज ह्या नव्या ज्योतिष्याला पाट-पाणी मिळत आहे!

आम्ही स्पष्टच सांगतो की ही टक्केवारी खोटी आहे. ती सांगणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. कित्येक जण मनापासून कष्ट घेतात, मुलाचे इंग्रजी सुधारतात, अर्ज वेळेवर भरून घेतात, आणि त्या कामाचा मोबदला त्यांनी जरूर घ्यावा. परंतु एका विशिष्ट मुलाला एका विशिष्ट विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता शेकडा आठ आहे की अठरा, हे सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही.

हे आपल्या मध्यमवर्गाला चटकन उमगत नाही, ह्याचे कारण त्याच्या संस्कारांत आहे. आपण ‘बोर्डात येण्या’च्या संस्कृतीत वाढलो. एके काळी शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छापली जाई आणि त्या यादीतल्या पोरांचे पेढे भरवतानाचे फोटो आमच्याच व्यवसायाने घरोघर पोहोचवले. पुढे याद्या गेल्या, पण वृत्ती राहिली. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेकडे पाहा. २०२४ साली जेईई ॲडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार मुले बसली आणि जागा होत्या १७ हजारांहून थोड्या अधिक. स्पर्धा भयंकर खरी. पण तिचा हिशेब उघडा आहे. प्रत्येक मुलाला क्रमांक मिळतो, आणि मुंबईच्या आयआयटीत अमुक शाखा कितव्या क्रमांकावर बंद झाली, ते प्रवेशाच्या प्रत्येक फेरीनंतर जाहीर होते. ज्याचा क्रमांक दोन हजार आहे त्याला कोणती जागा मिळेल आणि कोणती मिळणार नाही, हे गेल्या वर्षीचा तक्ता पाहून शेजारचा कारकूनही सांगू शकतो. ह्या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. कोट्यातल्या वर्गांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. पण ‘चान्स किती’ हा प्रश्न तिथे विचारण्यासारखा आहे, कारण त्याला उत्तर आहे. तोच प्रश्न घेऊन आपण हार्वर्डच्या दारात जातो, आणि फसतो.

हार्वर्ड कॉलेजात २०२४ साली दाखल व्हावयाच्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला. म्हणजे शेकडा साडेतीन, किंचित अधिक. हा आकडा सर्वांना पाठ असतो. परंतु आत काय चालते, हे कळण्याची संधी जगाला एकदाच मिळाली. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना हार्वर्ड डावलते, असा आरोप करणारा खटला २०१८ साली बोस्टनच्या न्यायालयात चालला, आणि त्या निमित्ताने विद्यापीठाला आपली कपाटे उघडावी लागली. २०१९ च्या निकालपत्रात न्यायाधीश ॲलिसन बरोज ह्यांनी जी वस्तुस्थिती नोंदवली, ती प्रत्येक मराठी पालकाने वाचावी अशी आहे. त्या एका वर्षी अमेरिकेतूनच सुमारे २६ हजार अर्ज आले होते. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक मुलांची शाळेतली गुणश्रेणी निर्दोष, म्हणजे शंभर नंबरी सोने होती! एसएटी परीक्षेत इंग्रजी वाचन-आकलनाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले होती २,७००, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी तीन हजारांहून अधिक. वर्गात जागा सोळा-सतराशे. आमच्या मुलाला गणितात आठशेपैकी आठशे पडले, असे अभिमानाने सांगणाऱ्या बापाने हे आकडे पाहावेत. त्याच्या मुलाने शर्यत जिंकलेली नसते. शर्यतीच्या मैदानात उभे राहण्याचा परवाना मिळवलेला असतो.

मग निवड होते कशावर? प्रत्येक अर्जाला एक ते सहा अशा श्रेणी दिल्या जातात : अभ्यासाची एक, अभ्यासेतर उद्योगांची एक, खेळांची एक आणि ‘व्यक्तिमत्त्वा’ची एक. ह्या शेवटच्या श्रेणीवरच खटल्यात सर्वाधिक खडाजंगी झाली. अभ्यासात सरस ठरणारी आशियाई मुले नेमकी व्यक्तिमत्त्वात मागे पडत होती, आणि बहुधा ती श्रेणी देणाऱ्या कचेरीतल्या माणसांनी त्यांना कधी पाहिलेलेही नसे. हेतुपुरस्सर पक्षपात सिद्ध होत नाही, असे बरोज ह्यांनी ठरवले. पुढे २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डचा वंशविचार घटनाबाह्य ठरवला. आम्हांला इथे त्या वादात शिरायचे नाही. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातल्या एका लहानशा तपशिलाकडे. श्रेणी दिल्या, सुमारे चाळीस जणांच्या समितीत मते पडली, तात्पुरती यादी झाली, की शेवटी जागांपेक्षा नावे जास्त भरतात. मग छाटणी होते. ह्या छाटणीच्या कागदावर उमेदवाराविषयी चारच गोष्टी लिहिलेल्या असत : तो माजी विद्यार्थ्याचा मुलगा आहे का, खेळाडू म्हणून निवडलेला आहे का, त्याला आर्थिक साहाय्य लागेल का, आणि त्याचा वंश कोणता. चार वर्षे रात्री जागून लिहिलेले निबंध, शास्त्रप्रदर्शनातली पदके, शिक्षकांची शिफारसपत्रे ह्यांपैकी एकही अक्षर त्या कागदावर नाही!

ह्यावर कोणी म्हणेल की खासगी विद्यापीठ आपला वर्ग आपल्या मर्जीने निवडते, त्यात गैर काय? गैर आहे असे आम्ही म्हणतच नाही. त्यांना वाद्यवृंदासाठी बासरीवाला हवा असतो, नौकास्पर्धेसाठी वल्हेकरी हवा असतो, ओस पडत चाललेल्या लॅटिनच्या वर्गासाठी एखादा जुन्या भाषांचा वेडा हवा असतो, आणि इमारतीवर नाव कोरून घेणाऱ्या देणगीदाराचा नातूही हवा असतो. लग्नघरी आचाऱ्याने सामानाची यादी करावी, तशी ती यादी असते. यंदा गूळ पुरेसा झाला आहे, म्हणून तुमची ढेप परत आली. त्यावरून तुमचा गूळ कडू ठरत नाही. आमचा आक्षेप आहे तो ह्या सामानाच्या यादीला ‘सर्वांगीण गुणवत्ते’चे सोवळे नेसवण्याला, आणि ते सोवळे खरे मानून आपल्या पोरांची पारख करणाऱ्या आपल्या भाबडेपणाला.

ह्या ‘सर्वांगीण’ पद्धतीचा जन्म कसा झाला, हेही ठाऊक असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डची प्रवेशपरीक्षा असे आणि ती जो उत्तीर्ण होई त्याला बहुधा प्रवेश मिळे. परिणाम असा झाला की पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू निर्वासितांची हुशार मुले भराभर आत येऊ लागली. १९२२ साली त्यांचे प्रमाण पाचांत एकाहून अधिक झाले, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल अस्वस्थ झाले आणि त्यांनी ज्यूंवर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर गदारोळ उठला. प्राध्यापकांच्या समितीने १९२३ साली तो फेटाळला. मग १९२६ मध्ये तीच गोष्ट मागच्या दाराने आली. वर्गाची संख्या मर्यादित झाली, गुणांबरोबर ‘चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व’ पाहिले जाऊ लागले, अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. चारित्र्य मोजण्याचा गज कोणाच्या हातात नसतो, म्हणूनच तो सोयीचा ठरला. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल ह्यांनी २००५ सालच्या ‘द चोझन’ ह्या ग्रंथात हा सारा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. पद्धती तीच राहून हेतू बदलू शकतो, आणि पुढे ह्याच पद्धतीने गरिबांना व कृष्णवर्णीयांना दारे उघडली, हेही खरे आहे. पण आपले मूल ‘व्यक्तिमत्त्वात कमी पडले’ असे मनाला लावून घेण्यापूर्वी ह्या मोजमापाची वंशावळ पाहून ठेवावी.

(ह्याच लोवेलसाहेबांच्या अमदानीत एक मराठी मुलगा हार्वर्डात शिकत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी १९२४ साली तिथे दाखल झाले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानाने पदवीधर होऊन बाहेर पडले. बौद्ध विद्येचे पंडित असलेले वडील हार्वर्डात ग्रंथसंपादनासाठी जात, म्हणून मुलाचे शालेय शिक्षणही तिथल्याच गावात झाले होते. त्याचा चान्स किती, हे कोणी काढून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

आता पुन्हा त्या शेकडा साडेतीनाकडे वळू. हा आकडा मुळात कोणाही एका मुलाचा नाही. ती वेगवेगळ्या रांगांची सरासरी आहे. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित अशी खास यादीतली मुले आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले ह्या चार वर्गांतले अर्जदार खटल्याच्या नोंदींनुसार शेकडा पाचांहूनही कमी होते, पण प्रवेश मिळालेल्यांत ते सुमारे शेकडा तीस होते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश आत जात. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवून दिले की चाचणीतले गुण सारखेच असले, तरी अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत शेकडा एक घरांतले मूल अशा निवडक विद्यापीठांत शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. मुलुंडच्या मुलापाशी ह्यांपैकी कोणतेच पुण्य नाही. चारी खास रांगा वजा केल्या तर साडेतीनाचे अडीच-पावणेतीन होतात. त्यातून तो परदेशी. एमआयटी हे आकडे वेगळे छापते, आणि तिथे अमेरिकन अर्जदारांत शेकडा पाचांच्या आसपास निवडले जात असतील, तर परदेशी अर्जदारांत शेकडा दोनांच्या आसपास.

ज्योतिषीबुवा अशा वेळी दुसरा तोडगा सुचवतात : ‘लवकर अर्ज करा!’ २०२४ च्या त्याच वर्गासाठी नोव्हेंबरमध्ये लवकर अर्ज करणाऱ्या ७,९२१ जणांपैकी ६९२ जणांना, म्हणजे शेकडा पावणेनऊ जणांना होकार मिळाला. एकूण साडेतीन आणि लवकर पावणेनऊ. म्हणजे नुसती तारीख बदलली की नशीब अडीचपट! पण नोव्हेंबरच्या त्या रांगेत आधीच ठरून गेलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले दाटीने उभी असतात, हे बुवा सांगत नाहीत. पंढरपूरच्या व्हीआयपी दर्शनाची रांग भराभर सरकते, म्हणून तिच्या शेजारी उभे राहिल्याने आपल्याला विठोबा लवकर भेटत नाही.

तिसरा तोडगा अधिक घातक, कारण त्याला गणिताचा मुलामा आहे. प्रत्येक ठिकाणी शेकडा पाच शक्यता धरली आणि वीस ठिकाणी अर्ज केले, तर विसांच्या विसांनी नाही म्हणण्याची शक्यता शेकडा छत्तीस. अर्थात् कुठेतरी दार उघडण्याची शक्यता शेकडा चौसष्ट. गुणाकार बिनचूक आहे. फक्त तो फाशांना लागू आहे, अर्जांना नाही. फासा दर वेळी नव्याने पडतो. मूल मात्र तेच असते, गुण तेच, शिफारसपत्र त्याच शिक्षकांचे, निबंधही थोड्याफार फरकाने तोच. एका समितीला ते सामान्य वाटले, तर ज्या कारणाने वाटले त्याच कारणाने दुसरीलाही वाटण्याचा संभव मोठा. वीस अर्जांचा काहीच उपयोग नाही असे नव्हे, कारण वीस ठिकाणच्या सामानाच्या याद्या वेगळ्या असतात. पण चौसष्ट हा आकडा ऐकून ज्याने घराच्या गच्चीवर मांडव घालायला काढला, त्याची कीव करावी लागेल. आणि प्रत्येक अर्जाची फी ऐंशी-नव्वद डॉलर असते, हे बहुधा मागाहून लक्षात येते.

खात्रीशीर चान्स सांगणारा एक सल्लागार मात्र अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव रिक सिंगर. प्रवेशाची तीन दारे असतात, असे तो गिऱ्हाइकांना सांगे : गुणवत्तेचे पुढचे दार, मोठ्या देणगीचे मागचे दार, आणि आपण उघडून देतो ते बाजूचे दार! श्रीमंत आईबापांकडून पैसे घेऊन त्याने परीक्षेचे गुण फिरवले, प्रशिक्षकांना लाच दिली, आणि ज्या मुलांनी कधी वल्हे हातात धरले नव्हते त्यांना नौकानयनपटू बनवून आत ढकलले. मार्च २०१९ मध्ये हे बिंग फुटले, पन्नासांवर माणसे आरोपी झाली, येल-स्टॅनफर्डची नावे त्यात आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याने सांगितलेली शक्यता शेकडा शंभर असे आणि बहुधा ती खरी ठरे. आमच्या मते ह्या साऱ्या धंद्यात नेमका आकडा सांगण्याचा अधिकार ह्या एका गृहस्थालाच होता!

ज्यांना वाटते की आठवीपासून योजना आखली तर नशिबावर मात करता येते, त्यांनी गेल्या काही वर्षांचा घटनाक्रम आठवावा. २०२० साली महामारी आली आणि हार्वर्डने एसएटी ऐच्छिक केली. एमआयटीने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डने एप्रिल २०२४ मध्ये केली. २०२३ साली वंशविचार संपला. २२ मे २०२५ रोजी अमेरिकन सरकारने परदेशी विद्यार्थी घेण्याचे हार्वर्डचे प्रमाणपत्रच रद्द केले, आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्या हुकमाला स्थगिती दिली. ती देणाऱ्या न्यायाधीश पुन्हा ॲलिसन बरोज. ज्या घरांनी २०१९ साली आठवीतल्या मुलाची ‘प्रोफाइल’ बांधायला घेतली, त्यांच्या पायाखालची जमीन मुलाने अर्ज करेपर्यंत दोनदा-तीनदा सरकली. हे कोणत्या तक्त्यात मांडले होते?

पैशांची फसवणूक ही त्यातल्या त्यात लहान गोष्ट आहे. सुखवस्तू माणसाने आपले पैसे कुठे घालवावेत, हा त्याचा प्रश्न. पण त्या चार वर्षांत मुलाचे काय होते? समितीला ‘समाजसेवा’ आवडते असे कळले, की दहावीतला मुलगा संस्था काढतो. तिचे बोधचिन्ह तयार होते, एका झोपडपट्टीतल्या मुलांबरोबर फोटो काढले जातात, आणि प्रवेशाचे पत्र आले की ती संस्था निवर्तते. ‘संशोधन’ आवडते असे कळले, की पंधरा वर्षांच्या पोराच्या नावावर कोणी शोधनिबंध लिहून देते. निबंधात दुःख हवे म्हणून सुखात वाढलेल्या मुलीकडून आजोबांच्या मृत्यूवर सात खर्डे लिहून घेतले जातात आणि कौन्सेलर सांगतो की तिसऱ्या परिच्छेदात अश्रू थोडे कमी करा! ज्या वयात माणसाने एखाद्या गोष्टीवर निष्कारण प्रेम करायला शिकायचे, त्या वयात आपण त्याला प्रत्येक आवडीची किंमत कोणा अज्ञात समितीच्या बाजारात पाहून यायला शिकवतो. आणि मग त्या पहाटे नकाराचे पत्र येते. त्यात लिहिलेले असते की अर्जदार फार गुणी होते आणि जागा थोड्या. ते वाक्य अक्षरशः खरे असते. पण ज्याला चार वर्षे ‘तुझा चान्स बावीस टक्के आहे’ असे सांगितले गेले, ते पोर त्याचा अर्थ ‘मी उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांतला निघालो’ असा लावते. समितीने त्याच्यावर काही निकाल दिलेलाच नसतो. तो निकाल आपण घरी बसून लिहितो आणि हार्वर्डचा शिक्का मारून त्याच्या हाती देतो.

मग आमच्या मुलांनी मोठी स्वप्ने पाहूच नयेत का, असा रागाचा सवाल कोणी करील. जरूर पाहावीत. शेकडा दोन म्हणजे शून्य नव्हे. दरवर्षी इथली काही मुले जातातच, आणि त्यांतली कित्येक कोणत्याही ज्योतिष्याविना जातात. अर्ज करावा, मनापासून करावा, आणि विसरून जावा. परंतु जे मोजता येते ते आधी मोजावे. आणि जे मोजता येते तो असतो पैसा, ज्याचे नाव आपल्या सभ्य घरांत सर्वांत शेवटी निघते. अशा विद्यापीठात एका वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या वर गेला आहे. चार वर्षांचा हिशेब ज्याने त्याने करावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी ठिकाणेच परदेशी मुलाची निवड करताना त्याला मदत लागेल की नाही हे पाहत नाहीत आणि लागेल ती देऊ करतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल आदी ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर ती गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. म्हणजे पगारदार बापाने मदतीच्या चौकोनात खूण करायची की नाही, ह्या एका निर्णयाने मुलाच्या शक्यतेत जेवढा फरक पडतो, तेवढा दहा पदकांनीही कदाचित पडत नसेल. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती. बोटीचे भाडे बडोद्याचे होते. भाडे कोण देणार, हा प्रश्न आजही तितकाच निर्णायक आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही समितीला न विचारता घरच्या घरी, नववी-दहावीतच, मुलाला समोर बसवून काढता येते.

जून उजाडला की ह्या कचेऱ्यांतून नव्या गिऱ्हाइकांची रीघ सुरू होईल. जाणाऱ्यांना आमची एकच सूचना आहे. समोर तक्ता आला आणि त्यावर ‘शेकडा वीस’ असे लिहिलेले दिसले, तर शांतपणे विचारावे : ‘साहेब, मागल्या पाच वर्षांत आपण ज्या ज्या मुलांना शेकडा वीस सांगितलेत, त्या सर्वांची वही दाखवा. शंभरांतली वीस गेली का?’ वेधशाळेचा हवामानशास्त्रज्ञ पावसाची शक्यता सांगतो तेव्हा त्याला हा हिशेब ठेवावा लागतो; सांगितलेला पाऊस पडला की नाही हे साऱ्या गावाला दिसते. ‘आमची अकरा मुले गेल्या वर्षी अमेरिकेत गेली’ हे ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. भिंतीवर त्या अकरांचे हसरे फोटो असतील. त्यांच्यासारखाच तक्ता घेऊन घरी परतलेल्या बाकीच्यांचे फोटो कुठे आहेत, हेही विचारावे. वही निघाली तर ती नीट वाचावी आणि मग फीबद्दल बोलावे. वही निघाली नाही, तर समोर आलेला चहा घ्यावा, आभार मानावेत आणि मुलाला घेऊन घरी यावे.